जनरल थोरात, १९६२ चं युद्ध आणि दिल्लीतले निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की चीन युद्धाबद्दल प्रश्न येऊ लागतात. त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याबद्दल असतात. त्यांनी आधीच सांगितलं होतं का, मग ऐकलं का नाही, निवृत्त झाल्यावरच का बोलले, वगैरे. तेच ते पुन्हा लिहिण्यापेक्षा इथे एकत्र उत्तरं दिली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जनरल थोरात नेमके कोण? शाळेच्या पुस्तकात तर नाव नाही.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचा. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला शिकून ते १९२६ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर कांगॉची लढाई झाली. तिथे एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हे पदक मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे १९६२ च्या गोष्टीत तिघंही परत भेटतात.

कोरियाचं युद्ध थांबल्यावर १९५३ मध्ये मायदेशी जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून जास्त युद्धबंद्यांची राखण भारतीय सैन्याकडे आली. तिचे प्रमुख थोरात होते. एका छावणीत बंद्यांनी भारतीय मेजरला डांबून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले, त्यांच्याशी बोलले आणि गोळीबार न होता त्याला सोडवून आणलं. १९५७ ते १९६१ ते पूर्व कमांडचे मुख्य सेनापती होते. म्हणजे ज्या मुलखात पुढे आपला पराभव झाला, त्या मुलखाची जबाबदारी युद्धाच्या दीड वर्ष आधीपर्यंत त्यांच्याकडे होती. १९९२ मध्ये ते वारले.

२. त्यांची टीका एका परिच्छेदात सांगता येईल का?

त्यांचं म्हणणं असं : चीनकडून धोका आहे, तो नेफावर म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशावर येऊ शकतो, आणि आहे त्या सैन्यानिशी तो थोपवता येणार नाही, हे लष्कराने १९५९ मध्येच लेखी कळवलं होतं. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांनी ते बाजूला सारलं आणि पंतप्रधानांपुढे ठेवलंच नाही. नंतर सैन्याला रसद नाही, रस्ते नाहीत अशा जागी पुढे ढकललं गेलं. जागा कुठली धरायची हे भूगोल आणि पुरवठा बघून ठरायला हवं होतं, ते संसदेतल्या आणि वर्तमानपत्रातल्या दबावाने ठरलं.

३. १९५९ च्या त्या टिपणात काय होतं?

आधी तो काळ बघा. २५ ऑगस्ट १९५९ ला लोंगजू इथल्या आसाम रायफल्सच्या ठाण्यावर चिनी सैन्याने हल्ला केला. तोवर नेफाची सीमा परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत होती, सैन्य तिथे नव्हतंच. लोंगजूनंतर ती जबाबदारी लष्कराकडे, म्हणजे थोरातांकडे आली. ८ ऑक्टोबरला त्यांनी आपलं टिपण लष्करप्रमुख थिमय्यांना पाठवलं. पुढच्या दोन आठवड्यांच्या आत, २१ ऑक्टोबरला, लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ आपले पोलीस मारले गेले.

टिपणाचा गाभा साधा होता. मॅकमहोन रेषेवर, म्हणजे नेफा आणि तिबेट यांच्यामधल्या सीमेवर, प्रत्येक खिंडीत सैन्य बसवून लढता येणार नाही. तिथे पुढे छोटी ठाणी ठेवायची. त्यांचं काम शत्रू आल्याची खबर देणं, त्याला थोडा वेळ अडवणं आणि मागे येणं. खरी लढाई बरीच मागे, बोमदिला आणि त्याच्या पूर्वेकडे झिरो, दापोरिजो, अलाँग, तेजू अशा ठिकाणांना जोडणाऱ्या ओळीवर द्यायची. कारण असं की तिबेटच्या बाजूने पठार आहे, तिथे चिनी गाड्या सीमेच्या जवळपास येत होत्या. आपल्या बाजूला आसामच्या सपाटीपासून सीमेपर्यंत दऱ्या, जंगल, आणि पाठीवर ओझं घेऊन दिवसच्या दिवस चाल. सीमेवर लढलो तर पुरवठ्याची सगळी अडचण आपली. शत्रूला आत येऊ दिलं तर त्याची रसद लांबते आणि आपली आखूड होते.

या योजनेप्रमाणे या ओळीच्या पुढे, सीमेजवळ असलेलं तवांग पूर्ण ताकदीने लढवायचं नव्हतं. हीच बाब राजकारण्यांना पचणारी नव्हती, आणि त्यांची ती अडचणही खरी होती (प्रश्न १२ पाहा).

शिवाय या ओळीसाठी लागणारं सैन्य, तोफा आणि रस्ते आज नाहीत हे टिपणात स्पष्ट होतं. सीमा रस्ते संघटना मे १९६० मध्ये उभी राहिली. डोंगरात रस्ता व्हायला वर्षं लागतात, तेवढी वर्षं हातात नव्हती.

४. 'लाल किला' हा सराव म्हणजे काय? दिल्लीत झाला का?

दिल्लीत नाही. १७ मार्च १९६० ला लखनौला झाला. पूर्व कमांडचं मुख्यालय तेव्हा तिथे होतं. हा नकाशावरचा सराव होता : चिनी सैन्य अमुक दिशेने अमुक संख्येने आलं तर आपलं कोणतं ठाणं किती काळ टिकेल, कुमक कुठून आणि किती दिवसांत पोहोचेल. आहे त्या बळावर नेफा राखता येणार नाही, हाच निष्कर्ष निघाला. म्हणजे टिपणातला अंदाज एकट्या थोरातांचा राहिला नाही, तो वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर तपासला गेला. थोरातांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मला हाच वाटतो. दुर्दैवाने चर्चेत तो कायम मागे पडतो.

५. मग नेहरूंना हे माहीतच नव्हतं का?

थोरातांनी १९८६ च्या इंग्रजी आत्मचरित्रात दिलेली हकिगत अशी. थिमय्यांनी टिपण मेनन यांना दिलं. मेनन यांनी ते गरज नसलेलं, भीती पसरवणारं ठरवलं. चीनला आपण मुत्सद्देगिरीने थोपवू अशी त्यांना खात्री होती. पुढे युद्धाच्या धामधुमीत नेहरूंनी निवृत्त थोरातांना दिल्लीला बोलावलं. थोरातांनी जुन्या टिपणाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. नेहरूंनी वाचली आणि विचारलं, हे मला का दाखवलं नाही? थोरात म्हणाले, ते मेनन यांनाच विचारावं लागेल. त्यावर नेहरू चिडले, तुम्ही सगळे मेननच्या मागे का लागला आहात, तो किती बुद्धिमान माणूस आहे, असं काहीसं म्हणाले.

या भेटीची हकिगत थोरातांच्या बाजूने आलेली आहे. खोलीतल्या दुसऱ्या माणसाने ती लिहून ठेवलेली नाही. म्हणून शब्दांवर फार जोर देऊ नये. पण टिपण होतं, त्याची तारीख होती, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्या आणि थोरात दोघांनाही घेतलं गेलं, हे कागदावर आहे. ज्यांचा सल्ला तीन वर्षांपूर्वी नको होता, त्यांनाच पराभवानंतर बोलवावं लागलं.

एक मात्र सांगायला हवं. चीनचा धोका नेहरूंना ठाऊकच नव्हता असं म्हणणं चूक आहे. लोंगजू आणि कोंगका दोन्हींवर त्यांनी संसदेत निवेदनं केली होती. टिपण पाहिलं नसेल, पण प्रश्न समोर होता.

६. एवढं कळत होतं तर वर्दीत असतानाच राजीनामा का दिला नाही? निवृत्तीनंतर बोलणं सोपं असतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यातला राग मला समजतो. पण वर्दीत असताना त्यांनी जे करायचं ते केलं होतं : लेखी कळवलं, सराव करून दाखवलं. सेवेतल्या अधिकाऱ्याला वर्तमानपत्रात जायची मुभा नसते आणि नसावीही. लोकशाहीत सैन्य निवडून आलेल्या सरकारच्या ताब्यात राहतं ते याच शिस्तीमुळे. आपल्या शेजारच्या देशांत ही शिस्त मोडल्यावर काय झालं ते आपण पाहिलेलं आहे.

आणि राजीनाम्याचं काय होतं, हे थोरातांनी डोळ्यांसमोर बघितलं होतं. ३१ ऑगस्ट १९५९ ला, लोंगजूनंतर सहाच दिवसांनी, थिमय्यांनी मेनन यांच्या वागण्याला आणि बढत्यांमधल्या ढवळाढवळीला कंटाळून राजीनामा दिला. नेहरूंनी त्यांना समजावून तो मागे घ्यायला लावला. दोन दिवसांनी संसदेत त्याच नेहरूंनी सांगितलं की मुद्दे फारसे महत्त्वाचे नव्हते, स्वभाव जुळत नाहीत एवढंच. थिमय्यांची लष्करातली पत त्या दिवशी गेली. पुढची वीस महिने ते पदावर होते, पण मेनन यांना त्यांचा धाक उरला नव्हता. राजीनामा द्यायचा तर मागे घ्यायचा नाही, आणि घ्यायचा तर द्यायचाच नाही, असं त्या पिढीतल्या अनेक अधिकाऱ्यांना वाटलं असणार. थोरातांचं टिपण या प्रकरणानंतर पाच आठवड्यांनी गेलं, हेही ध्यानात घ्या.

७. त्यांना लष्करप्रमुख केलं नाही, त्याचा राग टीकेत उतरला असेल ना?

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी उत्तराधिकारी म्हणून थोरातांचं नाव सुचवलं होतं असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. सरकारने पी. एन. थापर यांना नेमलं. थोरातही त्याच सुमारास निवृत्त झाले. 'थोरातांना डावललं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण ज्येष्ठतेच्या यादीत थापर वर होते. त्यांची नेमणूक नियमाबाहेरची नव्हती.

मनात सल असेलही. माणूस आहे. पण टिपण १९५९ चं आहे, नेमणूक १९६१ ची. आधी लिहिलेल्या कागदावर नंतरच्या रागाचा आरोप करता येत नाही.

पूर्व कमांड थोरातांनंतर एल. पी. सेन यांच्याकडे गेली. कांगॉच्या लढाईतले तिसरे सोबती. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीहून आलेले हुकूम खाली पोहोचवायचं काम त्यांच्या वाट्याला आलं.

८. युद्धाच्या आधी कुणी निवृत्त सेनानी उघडपणे बोलला होता का?

हो, थिमय्या. जुलै १९६२ मध्ये 'सेमिनार' मासिकातल्या लेखात त्यांनी लिहिलं की पाकिस्तानशी पूर्ण युद्धाचा विचार आपण करू शकतो, पण चीनशी भारताने एकट्याने उघड्या युद्धात उतरावं अशी कल्पना सैनिक म्हणूनही मला करता येत नाही. आपली सुरक्षितता राजकारण्यांनी आणि मुत्सद्द्यांनीच सांभाळली पाहिजे. हे युद्धाच्या तीन महिने आधी. नीट वाचलं तर हा लेख युद्धखोरीचा नाही. तुमची ताकद ओळखा आणि तेवढंच धोरण ठेवा, एवढंच तो सांगतो. त्याकडे सरकारने लक्ष दिल्याचं दिसत नाही.

९. म्हणजे दोष एकट्या मेनन यांचाच?

नाही. तसं म्हणणं सोयीचं आहे. १९६२ मध्ये तर सगळ्यांनाच ते सोयीचं होतं.

मेनन उद्धट होते, सेनाधिकाऱ्यांचा पाणउतारा करायचे, मर्जीतल्यांना पुढे आणायचे, हे अनेकांनी सांगितलेलं आहे. पण शस्त्रांसाठी परकीय चलन मागितलं की अर्थखातं हात आखडतं घ्यायचं, ही मेनन यांची तक्रार खोटी नव्हती. अर्थमंत्री मोरारजी देसाई होते. देशातच शस्त्रं बनवायचा आग्रह मेनन यांचा होता आणि तो दूरदृष्टीचाच होता, फक्त त्याला वेळ लागणार होता. सैनिकाच्या हाती .३०३ बोल्टची रायफल राहिली याची जबाबदारी एका माणसावर टाकता येत नाही.

आणि आपल्या मुंबईकरांनी हेही आठवावं : युद्धाच्या आठ महिने आधी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, उत्तर मुंबईतून हेच मेनन आचार्य कृपलानींना हरवून लोकसभेवर गेले होते. कृपलानी चीन धोरणावरच त्यांच्यावर तुटून पडत होते. मतदारांनी मेनन यांना निवडलं.

माझ्या मते मोठी चूक व्यवस्थेत होती. लष्कराचा लेखी इशारा एका मंत्र्याच्या टेबलावर अडू शकतो आणि तो अडला हे मंत्रिमंडळात कुणाला कळतही नाही, अशी ती व्यवस्था होती. त्या जागी दुसरा मंत्री असता तर कदाचित इशारा वर गेला असता. पण एवढी महत्त्वाची गोष्ट 'कदाचित'वर सोडायची नसते.

१०. सगळा दोष राजकारण्यांचा, सैन्याचं काहीच चुकलं नाही?

चुकलं, आणि बरंच चुकलं. थोरातांबद्दल आदर असलेल्या वाचकांना हे आवडत नाही, पण सांगायलाच हवं.

२ नोव्हेंबर १९६१ ला नेहरूंच्या दालनात बैठक झाली आणि पुढे सरकत ठाणी उभारायचं धोरण ठरलं. 'फॉरवर्ड पॉलिसी' म्हणतात ती हीच. त्या निर्णयात एक अट होती : पुढच्या ठाण्यांच्या मागे, रसद पुरवता येईल अशा जागी मोठं सैन्य उभं करायचं. डिसेंबरमध्ये लष्करी मुख्यालयातून खाली जो हुकूम गेला त्यात ही अट गाळलेली होती. ठाणी पुढे गेली, मागे आधार उभा राहिलाच नाही. हे काम मंत्र्यांचं नव्हतं, लष्करी मुख्यालयाचं होतं.

दुसरं, लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल. नेहरूंच्या जवळचे. ऑक्टोबर १९६२ च्या सुरुवातीला नेफासाठी नवी ४ कोअर (सैन्याचा मोठा विभाग) उभी करून ती त्यांच्याकडे दिली गेली. आधीचे कोअर कमांडर उमराव सिंग यांनी नामका चूवर (प्रश्न ११ पाहा) हल्ला करायला लेखी हरकत घेतली होती, म्हणून नेफा त्यांच्याकडून काढून घेतला. कौल आजारी पडून दिल्लीला परतले आणि काही दिवस तिथूनच, अंथरुणावरून, हुकूम सोडत राहिले. लष्करप्रमुख थापर यांनी या कशालाही ठामपणे 'नाही' म्हटलं नाही. कोणत्याही मंत्र्याला ठाम नकार ऐकायची वेळ आली नाही, तर त्याचा काही दोष नकार न देणाऱ्याकडेही जातो.

११. नामका चूचं नाव सतत येतं. तिथे काय झालं? ब्रिगेडियर दळवी मराठी होते ना?

ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी, ७ इन्फन्ट्री ब्रिगेडचे कमांडर. नावातच मराठी मूळ आहे. प्रत्यक्ष लढाईच्या जागी असलेला आणि नंतर सविस्तर लिहिणारा अधिकारी म्हणून त्यांचं १९६९ चं इंग्रजी पुस्तक वाचायलाच हवं.

नामका चू हा तवांगच्या पश्चिमेला, भूतानच्या कोपऱ्याजवळचा वेगाने वाहणारा पहाडी ओढा. पलीकडे थागला डोंगररांग, तिच्यावर चिनी. अलीकडे दरीच्या तळाशी आपले सैनिक. ८ सप्टेंबर १९६२ ला चिनी थागलावरून उतरून आपल्या धोला ठाण्यासमोर आले. दिल्लीहून हुकूम निघाला, त्यांना हुसकून लावा. आता जागा डोळ्यांपुढे आणा. ओढ्यावर ओंडक्यांचे पूल, आणि ओढ्याच्या काठाने लांबवर विखुरलेल्या पलटणी. सामान विमानातून त्सांगधरच्या मैदानावर टाकायचं, जे चौदा हजार फुटांच्या वर, आणि तिथून ते पाठीवर खाली आणायचं. टाकलेल्यातलं बरंचसं दरीत जायचं. अंगावर उन्हाळी सुती कपडे. शिपायामागे पन्नास काडतुसं. वरून चिनी प्रत्येक हालचाल बघतायत. नकाशा वाचता येणारा नवा लेफ्टनंटही सांगेल की इथे बसू नये.

१० ऑक्टोबरला त्सेंग जाँग इथे ९ पंजाबच्या तुकडीवर मोठा हल्ला झाला. चिन्यांचं बळ किती आहे ते कौल यांनी स्वतः पाहिलं. तरीही ब्रिगेड मागे घेतली गेली नाही. १२ तारखेला सिलोनला निघालेल्या नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं की आपला मुलूख मोकळा करायचा हुकूम सैन्याला दिला आहे. जाहीरपणे असं बोलल्यावर माघार घेणं राजकीयदृष्ट्या अशक्य झालं. दळवींनी हल्ल्याआधी ब्रिगेड मागे न्यायची परवानगी मागितली, मिळाली नाही. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दळवी २२ ला पकडले गेले, मे १९६३ मध्ये परत आले.

थोरातांनी तीन वर्षांपूर्वी नको म्हणून सांगितलेली लढाई ती हीच : सीमेला चिकटून, रस्त्याविना, शत्रूने निवडलेल्या जागी. त्या दरीत गेलेल्या राजपूत, गोरखा, पंजाब आणि ग्रेनेडियर जवानांबद्दल लिहिताना आजही हात थांबतो. त्यांच्या शौर्यात काही उणं नव्हतं.

१२. थोरातांच्या योजनेप्रमाणे बोमदिलावर लढलो असतो तर जिंकलो असतो का?

हे खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, आणि सांगतो त्यावर विश्वास ठेवू नका.

योजनेच्या बाजूने : पूर्वेला वालाँगला ११ ब्रिगेडने चांगली झुंज दिली. जागा बरी आणि तयारीला वेळ मिळाला तर आपले जवान चिन्यांना रोखून धरतात हे तिथे दिसलं. विरुद्ध बाजूने : नोव्हेंबरमध्ये सेला खिंड आणि बोमदिला दोन्ही १८ तारखेच्या आसपास पडले, म्हणजे बोमदिलाचं नुसतं नाव काही वाचवणारं नव्हतं. अर्थात तिथलं सैन्य तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं होतं आणि पुढच्या दिवशी काय करायचं यावर वरिष्ठांचे हुकूम पाठोपाठ बदलत होते. थोरातांना अभिप्रेत असलेला भरभक्कम, आधीपासून सज्ज असलेला बोमदिला तो नव्हे.

राजकीय अडचणही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तवांग हा नुसता नकाशावरचा ठिपका नव्हता. तिथे मोठा बौद्ध मठ आहे, १९५९ मध्ये दलाई लामा त्याच वाटेने भारतात आले होते. 'तवांग सोडून मागे लढू' असं कोणत्या पंतप्रधानाला संसदेत म्हणता आलं असतं? १४ नोव्हेंबर १९६२ ला लोकसभेने आक्रमकाला हुसकून लावायचा ठराव केला, तो काळ असा होता. पण राजकीय नेतृत्वाला ज्या जागा सोडणं परवडत नाही, तिथे लढण्याची साधनंही त्याच नेतृत्वाने द्यायला हवीत. जागा सोडायची नाही आणि सैन्यही द्यायचं नाही, असं झालं.

१३. हवाई दल वापरलं असतं तर?

वाहतूक विमानं आणि हेलिकॉप्टर अखंड राबली, लढाऊ विमानं मात्र वापरली नाहीत. चीनने बदल्यात कलकत्त्यासारख्या शहरांवर बॉम्ब टाकले तर काय, ही भीती होती. तिबेटच्या उंचीवरच्या धावपट्ट्यांवरून चिनी विमानं किती भार घेऊन उडू शकतील याचा अंदाज हवाई दलाकडून नीट मागवला गेला नाही असं अनेक हवाई अधिकारी नंतर म्हणाले. आणि १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडे बारा स्क्वॉड्रन लढाऊ विमानं मागितली. आपलीच विमानं न वापरता परक्यांची मागावी लागली, ही गोष्ट फार बोलकी आहे.

१४. यशवंतराव चव्हाण आल्यावर काय बदललं? आणि तो चौकशी अहवाल अजून गुपित का?

३१ ऑक्टोबरला मेनन यांच्याकडून संरक्षण खातं काढलं, ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळाबाहेर गेले. २१ नोव्हेंबरला, म्हणजे चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, चव्हाणांनी शपथ घेतली. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हापासून आपल्या तोंडी आहे. मला विचाराल तर चव्हाणांची खरी कामगिरी ही की ते तिन्ही दलांच्या प्रमुखांना रोज सकाळी भेटू लागले. अगदी साधा बदल, पण लेखी इशारा टेबलावर अडून राहायला त्यात जागाच उरली नाही (प्रश्न ९ पाहा). पुढे १९६४ ची पाच वर्षांची संरक्षण योजना आली, डोंगरी डिव्हिजन उभ्या राहिल्या.

पराभवाच्या लष्करी चौकशीचा हा अहवाल लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांचा. त्यांना प्रशिक्षण, शस्त्रं, हुकूमयंत्रणा, जवानांची शारीरिक तयारी आणि कमांडरांची कुवत एवढ्याच मर्यादेत चौकशी सांगितली होती. मंत्री आणि मंत्रिमंडळ कक्षेबाहेर. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी संसदेत निष्कर्षांचा सारांश दिला आणि अहवाल उघड करायला नकार दिला. त्या निवेदनात एक महत्त्वाची गोष्ट आहे : कितीही मोठ्या सैन्याला सरकारकडून नीट धोरण आणि दिशा मिळावी लागते, असं त्यांनी म्हटलं. आपल्याच सरकारबद्दल, सभ्य शब्दांत, पण म्हटलं.

२०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी मजकूर अजूनही संवेदनशील असल्याचं संसदेत सांगितलं. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. सरकारी प्रकाशन मात्र नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे या युद्धात १३८३ जवान मारले गेले, १६९६ बेपत्ता झाले, ३९६८ पकडले गेले. त्यांच्या घरच्यांना साठ वर्षांनंतरही पूर्ण कागद बघायला मिळू नयेत हे मला मान्य नाही.

१५. माणेकशॉ १९७१ मध्ये इंदिराजींना 'आत्ता नाही' म्हणू शकले. मग १९६२ मध्ये कुणाला का जमलं नाही?

एप्रिल १९७१ च्या त्या बैठकीची हकिगत मुख्यतः माणेकशॉंनीच सांगितलेली आहे, त्यामुळे संवादांकडे प्रश्न ५ मधल्याच सावधगिरीने बघावं. पण सैन्याला तयारीसाठी महिने मिळाले ही वस्तुस्थिती आहे.

फरक का पडला? मोठं कारण १९६२ च. मेनन आणि कौल यांच्याबद्दल बोलले म्हणून माणेकशॉंवर युद्धाआधी चौकशी बसली होती, त्यातून ते निर्दोष सुटले. पराभवानंतर कौल यांच्या जागी ४ कोअर सावरायला त्यांनाच पाठवलं. सेनापतीचा सल्ला न ऐकण्याची किंमत राजकारण्यांनी पाहिली होती, आणि न बोलण्याची किंमत सेनापतींनी.

१६. आज निवृत्त अधिकाऱ्याने असं लिहिलं तर कायद्यात बसतं का?

मत मांडायला बंदी नाही. सेवेत असताना आर्मी ॲक्ट आणि नियमांमुळे परवानगीशिवाय प्रसिद्धी माध्यमांत जाता येत नाही, निवृत्तीनंतर ते बंधन राहत नाही. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट मात्र आयुष्यभर लागू राहतो. धोरणावर टीका चालते, गुप्त कागदातला मजकूर चालत नाही.

निवृत्तांना परवानगीशिवाय आपल्या संघटनेविषयी लिहायला मनाई करणाऱ्या, २०२१ च्या पेन्शन नियमातल्या बदलाबद्दल बरेच जण विचारतात. तो माहितीच्या अधिकाराच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या गुप्तचर आणि सुरक्षा संघटनांतून निवृत्त झालेल्यांसाठी आहे. बीएसएफ, आसाम रायफल्स त्यात येतात. भूदल, नौदल, हवाई दलाचं पेन्शन वेगळ्या नियमांखाली आहे. तरी प्रत्यक्षात आत्मचरित्रं संरक्षण खात्याच्या तपासणीत थांबतात. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांचं पुस्तक २०२४ मध्ये असंच अडकलं.

निवृत्तीनंतर थेट निवडणुकीत उतरणं हा वेगळा मामला. माजी लष्करप्रमुख करिअप्पा १९७१ मध्ये मुंबईतून उभे राहिले आणि हरले. तो त्यांचा हक्क होता. पण उमेदवाराची टीका आणि सेनापतीची टीका वाचक एकाच मापाने मोजत नाही, आणि मोजू नये.

१७. कौल, दळवी, थोरात, सगळ्यांनी पुस्तकं लिहिली. कुणाचं खरं मानायचं?

मी तीन गोष्टी बघतो. लेखक त्या वेळी कुठे होता, तेव्हा त्याने लेखी काय दिलं होतं, आणि स्वतःच्या चुकीबद्दल तो काही लिहितो का. दळवी दरीत होते, त्यामुळे नामका चूबद्दल त्यांचा शब्द मोठा. पण दिल्लीतल्या बैठकांबद्दल त्यांनी ऐकलेलं लिहिलं आहे, तिथे सबुरी बाळगा. कौल यांचं १९६७ चं पुस्तक स्वतःच्या बचावासाठी आहे आणि ते लपत नाही. तरी सामानाची टंचाई, अर्थखात्याशी झालेला पत्रव्यवहार यासाठी ते उपयोगी पडतं. थोरात १९६२ मध्ये मैदानात नव्हते, म्हणून लढाईबद्दल त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यांचं वजन १९५९ आणि १९६० च्या कागदांचं आहे. युद्धानंतर शहाणपण सुचलेल्यांच्या यादीत त्यांना घालता येत नाही ते यामुळेच.

१८. आमच्या आजोबांची नेफातली पत्रं, डायरी घरात आहे. कुठे द्यावी? इंटरनेटवर टाकली तर चालेल?

घरच्यांना लिहिलेली पत्रं, फोटो, खाजगी डायरी यांना सहसा अडचण नसते. पण 'गुप्त' शिक्का असलेला, हुकूम, नकाशा किंवा तुकड्यांची मांडणी असलेला कागद सापडला तर तो कितीही जुना असो, इंटरनेटवर टाकू नका. प्रश्न १६ मधला कायदा तुम्हालाही लागू होतो. आधी आजोबांच्या पलटणीच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा, तिथे संग्रहालय असतं आणि त्यांना अशा गोष्टी हव्या असतात. पत्ता मिळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मूळ प्रत देण्यापूर्वी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवा, पाकिटासकट. पाकिटावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि तारीख यांवरून पलटण त्या दिवशी कुठे होती याचा माग लागू शकतो.